एका नोटिशीतले सतरा ‘चार्ज’

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, मानपाडा ओलांडल्यावर, चार इमारतींची एक सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून तिचे नाव, सदनिकांचे क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांची नावे येथे दिलेली नाहीत. घटनाक्रम मात्र घडला तसाच मांडला आहे. सोसायटीत मराठी, गुजराती, सिंधी, तमिळ अशी सर्व प्रकारची कुटुंबे राहतात आणि त्यामुळे पहिल्यापासून तिचा लेखी व्यवहार इंग्रजीत चालत आला आहे. 2024 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत काही ज्येष्ठ सभासदांनी सभेची नोटीस मराठीतही मिळावी अशी मागणी केली, तिला कोणी हरकत घेतली नाही, आणि पुढच्या वर्षापासून नोटीस दोन्ही भाषांत काढायची असे ठरले.

मी ठाण्यातच इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करतो. बँकांची माहितीपत्रके, विम्याचे अर्ज, क्वचित एखादा न्यायालयीन कागद, असे माझ्या टेबलावरचे नेहमीचे काम असते. या सोसायटीशी माझा संबंध आला तो नोटीस वाटून झाल्यावर, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी.

2025 ची सभा रविवारी, 21 सप्टेंबरला ठेवली होती. नोटीस 5 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, घरोघरी पोहोचली. इंग्रजी मसुदा सचिवांनी स्वतः लिहिला होता. ते व्यवसायाने अभियंता असून काम काळजीपूर्वक करतात. मराठी मसुदा मात्र मोबाइलवरील एका फुकट भाषांतर सुविधेने दोन मिनिटांत तयार झाला होता, आणि सोसायटीच्या गणपतीच्या विसर्जनाची तयारी सुरू असल्याने तो छापण्याआधी कोणी सलग वाचला नाही. सचिवांनी हे नंतर कोणतीही सबब न सांगता मान्य केले, ही गोष्ट या प्रकरणात फार उपयोगी पडली.

अडचण

रविवारी, 7 सप्टेंबरला सकाळी, एक ज्येष्ठ सभासद नोटीस घेऊन सोसायटीच्या कार्यालयात आले. त्यांना येथे अण्णा म्हणू. अण्णांनी ठाणे जिल्ह्यात तलाठी म्हणून नोकरी केली, मंडळ अधिकारी होऊन ते निवृत्त झाले, आणि सरकारी कागद कसा वाचावा हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. त्यांनी नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढली, विषय क्रमांक 9 खाली तांबड्या पेनने मारलेली रेघ दाखवली आणि ती ओळ मोठ्याने वाचली: ‘सदनिका क्रमांक अमुकवरील बँकेच्या आरोपाची नोंद घेणे व पुढील कार्यवाही करणे.’ सदनिका त्यांचीच होती.

मूळ इंग्रजीत शब्द होता ‘चार्ज’. अण्णांच्या मुलाने घर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेतले होते, बँकेने तसे पत्र सोसायटीला दिले होते, आणि सोसायटीने आपल्या दफ्तरी तशी नोंद करायची होती. एवढ्या साध्या बाबीचे मराठीत ‘आरोप’ झाले होते. नोटीस सर्व सभासदांच्या घरी गेलेली होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत एका शेजारणीने अण्णांच्या पत्नीला बाजूला घेऊन, ‘वहिनी, काही अडचण आहे का? बँकेची केस झालीये म्हणे,’ असे विचारले होते. अण्णांचे म्हणणे एवढेच होते की आयुष्यात त्यांच्यावर एकही खातेनिहाय चौकशी लागली नाही, आणि आता सोसायटीने त्यांच्यावर आरोप ठेवावा, तोही छापील, हे त्यांना मान्य नाही.

त्या दिवशी नोटीस पुन्हा वाचली तेव्हा इतर ठिकाणेही सापडली. ‘मावळत्या समितीने नव्या समितीला शुल्क सुपूर्त करणे’ असे एक वाक्य होते, आणि हे शुल्क किती, ते कोणाच्या खिशातून जाणार, अशी विचारणा दोन सभासदांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच केली होती. विद्युत वाहनांसाठी प्रस्तावित चार्जिंगची जागा ‘आकारणी बिंदू’ झाली होती. लिफ्टचे काम पाहणारे सभासद ‘लिफ्टच्या आरोपातील सभासद’ झाले होते. हे शेवटचे वाचून समितीतील एका तरुण सदस्याला हसू आवरले नाही, आणि ते अण्णांसमोर झाल्याने प्रकरण आणखी चिघळले.

सोमवारी सचिवांचा मला फोन आला. मी दोन्ही मसुदे मागवून घेतले आणि पेन्सिलने मोजले. दोन पानांच्या इंग्रजी नोटिशीत ‘चार्ज’ हा शब्द, त्याची रूपे धरून, सतरा वेळा आला होता. सहा ठिकाणी तो पैशांच्या अर्थाने होता, चार ठिकाणी विजेच्या, दोन ठिकाणी समितीच्या कारभाराच्या हस्तांतरणाच्या, दोन ठिकाणी एखाद्या कामाची जबाबदारी असलेल्या माणसासाठी, एक ठिकाणी ‘विनामूल्य’ या अर्थाच्या वाक्प्रयोगात, एक ठिकाणी बँकेच्या तारणाबद्दल. सतरावा कोणत्या गटात टाकावा हे मला पहिल्या वाचनात कळले नाही. त्याच्यासमोर मी प्रश्नचिन्ह केले आणि पुढे गेलो. त्या प्रश्नचिन्हाकडे नंतर यावे लागले.

शब्दाची वंशावळ

मंगळवारी संध्याकाळी समितीची बैठक झाली. तेथे पहिला प्रश्न अपेक्षित होता: एका शब्दाचे इतके अर्थ असतील तर आपण चूक कुणाची म्हणायची? या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मला शब्दाचा इतिहास सांगावा लागला. तो येथे थोडा विस्ताराने देतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच बेतले गेले.

या शब्दाच्या मुळाशी एक बैलगाडी आहे, असे म्हटले तरी चालेल. आजच्या फ्रान्सच्या भूमीत राहणाऱ्या गॉल लोकांकडे सामान वाहणाऱ्या गाड्या होत्या, आणि त्यांच्या भाषेतील गाडीचे नाव रोमन लोकांनी ‘कारुस’ या रूपात लॅटिनमध्ये घेतले. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यापासून ‘कारिकारे’ असे क्रियापद झाले; त्याचा अर्थ गाडीत माल भरणे, गाडी लादणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘शार्जिए’ झाले, आणि नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत आला त्याबरोबर तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्दही आला. इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ ओझे, वजन, लादलेला माल असा सरळ होता.

पुढचे सर्व अर्थ या ओझ्यातूनच फुटले आहेत. माणसाच्या खांद्यावर टाकलेले काम हेही ओझेच, म्हणून जबाबदारी आणि ताबा हा अर्थ आला; राजदूत नसताना दूतावासाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ‘शार्जे दाफेर’ म्हणतात तो याच अर्थाने, कामकाज ज्याच्यावर सोपवले आहे तो. दुसऱ्याच्या माथी दोष टाकणे हेही लादणेच, म्हणून चौदाव्या शतकात आरोप हा अर्थ दिसू लागला. खर्चाचा बोजा या कल्पनेतून किंमत आणि आकारणी हा अर्थ पंधराव्या शतकापासून रुळला. बंदुकीत किंवा तोफेत भरायची दारू म्हणजे तिचा ‘चार्ज’; आणि सोळाव्या शतकात शत्रूवर तुटून पडणे असाही अर्थ आला, जो हत्यार भरून सज्ज करण्याच्या कल्पनेवरून आला असावा असे मानले जाते. आपल्याकडचा ‘लाठीचार्ज’ या शाखेचा.

विजेचा अर्थ सर्वांत तरुण, अठराव्या शतकातला. 1745 ते 1746 च्या सुमारास लायडन बरणीचा शोध लागला, म्हणजे काचेच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली. बेंजामिन फ्रँकलिन विजेला एक प्रकारचे द्रव्य मानत असे, त्यामुळे बरणीत ती ‘भरणे’ हा शब्दप्रयोग त्याला स्वाभाविक होता. वीज साठवणारी अशी काचेची अनेक साधने एकत्र जोडलेल्या मांडणीला त्याने 1749 मध्ये ‘बॅटरी’ म्हटले. हा शब्द तोफखान्यातला, ओळीने लावलेल्या तोफांसाठी वापरला जाणारा. आज आपण मोबाइलची बॅटरी चार्ज करतो तेव्हा तोफखान्यातून फिरून आलेले दोन शब्द एका वाक्यात वापरत असतो, याची समितीतील अभियंत्यांनाही कल्पना नव्हती.

या कुळातले इतर शब्दही ओळखीचे आहेत. ‘कार’ सख्खी बहीण. जहाजातील ‘कार्गो’ स्पॅनिशमधून आला. ‘कॅरी’ म्हणजे वाहून नेणे हाही याच गाडीतून उतरलेला. ‘करिअर’ म्हणजे मुळात गाड्यांचा रस्ता, मग घोडदौडीचे मैदान, मग माणसाच्या नोकरीची वाटचाल. इटालियनमध्ये लादणे, अतिशयोक्ती करणे या अर्थाच्या क्रियापदावरून ‘कॅरिकेचर’ झाला. चेहऱ्यावरच्या एखाद्या खुणेवर जास्त भार टाकून काढलेले अर्कचित्र. ‘डिस्चार्ज’ म्हणजे लादलेले उतरवणे, मग ती तोफ असो, रुग्णालयातला रुग्ण असो, की कर्ज असो.

मला समितीला जे दाखवायचे होते ते याच्या पुढे आहे. मराठीत या कल्पनेसाठी शब्द कमी नाहीत, आणि त्यांतले बरेच त्याच चित्रावर उभे आहेत. ‘भार’ हा शब्द संस्कृतातील वाहून नेणे या अर्थाच्या ‘भृ’ धातूपासून आला, आणि इंग्रजीतील ‘बर्डन’ म्हणजे ओझे हा शब्दही त्याच प्राचीन मुळाचा, म्हणजे आपल्या भाराचा दूरचा चुलतभाऊ. त्या एका भारातून आपण कार्यभार, पदभार, प्रभारी, अधिभार असे शब्द केले. वीज कमी पडली की तिचे भारनियमन केले. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात विजेच्या धन-ऋण ‘चार्ज’ला ‘प्रभार’ म्हटले. इतकेच काय, उपकाराचे ओझे मान्य करायचे तेव्हा ‘आभार’ मानले. फरक एवढा की इंग्रजीने एकच पोते सगळीकडे वाहिले, आणि मराठीने प्रत्येक ओझ्याला वेगळी गाठ मारली. त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्याला कोणते ओझे हे न ठरवता पुढे जाता येते. मराठीत लिहिणाऱ्याला ते शब्द निवडतानाच ठरवावे लागते.

पर्याय

समितीपुढे चार मार्ग होते आणि चारही गांभीर्याने मांडले गेले.

मराठी नोटीस मागे घ्यावी आणि इंग्रजीच अधिकृत समजावी, असे खजिनदारांचे मत होते. कायद्याच्या दृष्टीने हा कदाचित सर्वांत कमी जोखमीचा मार्ग होता, पण त्यामुळे आदल्या वर्षी सभेने घेतलेला निर्णय पहिल्याच प्रयत्नात सोडून दिल्यासारखे झाले असते. शिवाय अण्णांबाबत जे घडले होते ते कागद मागे घेऊन पुसले जाणार नव्हते.

दुसरी सूचना तरुण सदस्यांची होती: सगळीकडे देवनागरीत ‘चार्ज’ लिहावे. ही सूचना मी हसण्यावारी नेली नाही, आणि कोणी नेऊही नये. ठाण्यातला कोणताही मराठी माणूस ‘सर्व्हिस चार्जेस’ भरतो, ‘चार्ज’ घेतो-देतो, फोन ‘चार्ज’ला लावतो आणि बातम्यांत ‘लाठीचार्ज’ वाचतो. हे शब्द मराठीच झाले आहेत. पण प्रत्येक जण ते आपापल्या ठरलेल्या जोडीत ओळखतो. ‘सदनिकेवरील चार्ज’ ही जोडी बोलीत नाही. तिथे एकाला आरोप दिसेल, दुसऱ्याला रक्कम. अडचण जिथे होती तिथेच हा उपाय निकामी होता.

तिसरा मार्ग म्हणजे सगळीकडे ‘शुल्क’. सरकारी वाटतो, नीटनेटका दिसतो, आणि संगणकावर एका आज्ञेत होतो. त्याच्या विरोधात मी महावितरणचे वीजबिल पुढे केले. त्यावर ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ अशा ओळी असतात आणि त्यांच्याखाली ‘विद्युत शुल्क’ ही स्वतंत्र ओळ असते, घरगुती ग्राहकाला 16 टक्के. आकार म्हणजे वापराबद्दल वीज कंपनीला द्यायचे पैसे, शुल्क म्हणजे त्यावर सरकारने लावलेला कर. एकाच कागदावर, बोटभर अंतरात, दोन शब्दांनी दोन वेगळ्या येणेकऱ्यांचे पैसे दाखवले आहेत. सचिवांनी खिशातून मोबाइल काढून आपले बिल उघडले, चष्मा वर करून त्या ओळी पाहिल्या, आणि तिसरा मार्ग तिथेच बंद झाला.

उरला तो चौथा: सतराही ठिकाणी थांबून, कोण कोणावर काय लादत आहे हे विचारून, त्या त्या जागेचा शब्द घालणे. यात वेळ जाणार होता, आणि वेळ मोजकाच होता.

निर्णयाची पहिली जागा: शुद्धिपत्र की नवी नोटीस

सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण 14 दिवसांची नोटीस लागते. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सभा घेणे बंधनकारक आहे. 21 तारखेची सभा कायम ठेवायची तर केवळ शुद्धिपत्र काढता येणार होते. नवी नोटीस काढायची तर 28 सप्टेंबरचा रविवार हा अखेरचा सोयीचा दिवस होता, आणि त्यासाठी 13 सप्टेंबरला, शनिवारी, नोटीस प्रत्येकाच्या हातात पडायला हवी होती. एकही दिवस शिल्लक राहत नव्हता.

माझे सुरुवातीचे मत शुद्धिपत्राच्या बाजूने होते. कमी कागद, कमी गाजावाजा, आणि इंग्रजी नोटीस तर बरोबरच होती असे मी धरून चाललो होतो. ते गृहीतक चुकीचे निघाले.

निर्णयाची दुसरी जागा: सतरावा ‘चार्ज’

विषय क्रमांक 7 विद्युत वाहनांच्या चार्जिंगबद्दल होता. त्यातील शेवटचे वाक्य मराठीत सांगायचे तर असे: ‘या सुविधेचे न भरलेले चार्जेस संबंधित सदनिकेवर चार्ज राहतील.’ यातील दुसरा ‘चार्ज’ माझ्या प्रश्नचिन्हाचा धनी होता. मी सचिवांना विचारले की येथे त्यांना नेमके काय म्हणायचे आहे. ते म्हणाले, अगदी साधे आहे: ज्याने गाडी चार्ज केली आणि पैसे भरले नाहीत, त्याच्या पुढच्या महिन्याच्या बिलात ती रक्कम लावायची.

पण त्या शब्दरचनेचा कायद्यातला अर्थ वेगळा आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 100 सांगते की एखाद्याची स्थावर मालमत्ता, पक्षकारांच्या कृतीने किंवा कायद्यानेच, दुसऱ्याच्या पैशांसाठी तारण ठरली आणि तो व्यवहार गहाण या सदरात मोडत नसेल, तर त्या दुसऱ्याचा त्या मालमत्तेवर ‘चार्ज’ आहे असे म्हणतात. ‘बिलात लावणे’ आणि ‘घरावर हक्क निर्माण करणे’ यांत जे अंतर आहे ते स्कूटरच्या बॅटरीच्या दोनशे रुपयांसाठी कोणीही ओलांडू इच्छिणार नाही. सचिवांच्या मनातही ते नव्हते. त्यांनी वाक्य एका जुन्या मसुद्यातून उचलले होते, इंग्रजीत ते वजनदार वाटत होते, आणि इंग्रजी वाचणाऱ्या एकाही सभासदाने त्यावर बोट ठेवले नव्हते.

म्हणजे दोष केवळ भाषांतराचा नव्हता. यंत्राने मराठीत काहीतरी विचित्र लिहिले म्हणून निदान कोणीतरी थांबले. इंग्रजीत तर अर्थ ठरलेलाच नव्हता आणि तरीही सगळे पुढे गेले होते. हे लक्षात आल्यावर शुद्धिपत्राचा पर्याय मी स्वतःच मागे घेतला. मूळ इंग्रजी बदलत असेल तर नवी नोटीसच हवी. सभा 28 तारखेला नेण्याचे समितीने मंगळवारी रात्री ठरवले. सोसायटीचे कायदेविषयक काम पाहणाऱ्या वकिलांनीही दुसऱ्या दिवशी तोच सल्ला दिला, त्यामुळे माझ्या जबाबदारीचे ओझे थोडे हलके झाले.

निर्णयाची तिसरी जागा: ‘बोजा’

विषय क्रमांक 9 साठी मी तीन शब्द लिहून ठेवले होते: भार, प्रभार आणि तारणहक्क. तिन्ही बरोबर, तिन्ही कोरडे. बुधवारी मी आणि सचिव अण्णांच्या घरी गेलो. सचिवांनी आत शिरताच माफी मागितली. अण्णा काही बोलले नाहीत, पण काकूंनी पाणी आणले आणि बसायला सांगितले. मग मी कागद पुढे ठेवून सांगू लागलो की बँकेचे कर्ज फिटेपर्यंत सदनिकेवर तिचा जो हक्क राहतो, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे, आणि...

अण्णांनी मला मध्येच थांबवले. ‘अहो, मग बोजा म्हणा ना. सातबाऱ्यावर इतर हक्कांत आयुष्यभर तेच लिहीत आलो मी. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बँकेचा बोजा. फिटला की बोजा कमी केला म्हणून फेरफार. त्यात आरोप कुठून आला?’

मी तोंडावर पडलो होतो, आणि ते योग्यच झाले. ‘बोजा चढवणे’ आणि ‘बोजा उतरवणे’ हे प्रयोग मी शेकडो वेळा वाचले होते, पण शहरातल्या सदनिकेसाठी ते माझ्या डोक्यात आले नाहीत, कारण मी इंग्रजी शब्दाकडून निघालो होतो. गाडीत माल भरण्यापासून निघालेला शब्द युरोपात फिरून जिथे पोहोचला, नेमके तेच चित्र महसूल खात्याच्या दफ्तरात आधीच होते. शेतकऱ्याला ‘बोजा’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सदनिकाधारकालाही लागू नये.

त्याच बैठकीत अण्णांनी आणखी एक गोष्ट बोलून दाखवली. मुळात हा विषय सभेपुढे यायचे कारणच काय? नोंद करायची तर समितीने दफ्तरी करावी; कुणाच्या घरावर किती कर्ज आहे हे सगळ्या सभासदांच्या घरी छापून पाठवायचे नसते. या प्रश्नाला आमच्या दोघांकडेही उत्तर नव्हते. विषय क्रमांक 9 नव्या नोटिशीतून काढून टाकण्यात आला. ज्या शब्दासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो तो तिथे मिळाला आणि त्या नोटिशीत त्याची गरजच उरली नाही.

कृती

गुरुवार आणि शुक्रवार मसुद्यात गेले. पैशांच्या अर्थाने आलेल्या जागी, सोसायटीच्या उपविधींत रुळलेले ‘सेवा शुल्क’ आणि ‘बिनभोगवटा शुल्क’ हे शब्द तसेच ठेवले. सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा ज्याला आहे ते बिनभोगवटा शुल्क भाडेकरू ठेवणाऱ्या प्रत्येक सभासदाला नावाने ठाऊक आहे, तिथे नवा शब्द घालणे म्हणजे गोंधळ वाढवणे झाले असते. समितीच्या बाबतीत ‘कार्यभार सुपूर्त करणे’ आले. लिफ्टचे काम पाहणारे ‘लिफ्टची जबाबदारी असलेले सभासद’ झाले. ‘प्रभारी’ हा शब्द मी टाळला, कारण तो ऐकला की पोलीस ठाण्याची पाटी डोळ्यांपुढे येते. विजेसाठी ‘चार्जिंग’ हाच शब्द ठेवला. येथे खजिनदारांनी ‘प्रभारण’ असा एक शब्द सुचवला होता. तो व्याकरणाने चुकीचा नाही, पण वाहनतळात उभ्या असलेल्या माणसाला तो सांगून पाहिला तर काय होईल हे मी त्यांना विचारले, आणि विषय संपला.

सातव्या विषयातील ते वाक्य आता दोन्ही भाषांत असे झाले: ‘चार्जिंगची न भरलेली रक्कम संबंधित सभासदाच्या पुढील मासिक बिलात दाखवली जाईल.’ इंग्रजी मसुद्यातून तो सतरावा ‘चार्ज’ पूर्णपणे गेला. एकंदर इंग्रजीतले सतरा ‘चार्ज’ आता अकरावर आले होते.

छापलेली नोटीस शुक्रवारी रात्री अण्णांनी वाचली. ही सचिवांची कल्पना होती. अण्णांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, एका ठिकाणी ‘करण्यात येत आहे’ काढून ‘करीत आहोत’ केले, आणि खाली पेन्सिलने बारीक सही केली. शनिवारी दुपारपर्यंत सर्व प्रती वाटून पोच घेतली गेली. तिच्यासोबत वेगळ्या कागदावर चार ओळींचा खुलासा होता: आधीच्या मराठी नोटिशीत भाषांतराची चूक झाली होती, कोणत्याही सभासदावर कसलाही आरोप नाही, झालेल्या मनस्तापाबद्दल समिती दिलगीर आहे. त्यात अण्णांचे नाव किंवा सदनिकेचा क्रमांक पुन्हा द्यायचा नाही, हे अण्णांच्या घरीच ठरले होते.

फलित

28 तारखेची सभा वेळेवर झाली आणि गणसंख्या पूर्ण झाली. चार्जिंगचा ठराव थोड्या वादानंतर मंजूर झाला. वाद दराबद्दल होता, शब्दाबद्दल नव्हता. कार्यभाराचे कागद सभेनंतर त्याच दिवशी नव्या समितीकडे गेले. अण्णा सभेला आले, दुसऱ्या रांगेत बसले, आणि शेवटी आभाराचे दोन शब्द त्यांनीच बोलावेत असा आग्रह झाल्यावर उठले. त्यांच्या पत्नी मात्र आल्या नाहीत. त्या शेजारणीशी त्यांचे बोलणे पूर्ववत व्हायला दिवाळी उजाडावी लागली, असे सचिवांकडून कळले. छापलेला खुलासा सगळ्या घरी पोहोचतो, पण मिरवणुकीत कानात विचारलेल्या प्रश्नापर्यंत तो पोहोचतोच असे नाही.

वेगळे काय करता आले असते

मूळ चूक टाळायला फार काही लागले नसते. मराठी मसुदा एका मराठी वाचकाने, इंग्रजी शेजारी न ठेवता, एकदा मोठ्याने वाचला असता तर ‘आरोपातील सभासद’ छापले गेले नसते. इंग्रजी समोर असले की डोळा चूक आपोआप भरून काढतो, माझाही काढतो.

समितीला शब्दाचा इतिहास सांगताना मी अर्धा तास घेतला, तो कदाचित दहा मिनिटांत आटोपता आला असता. पण तो सांगितला नसता तर सातव्या विषयाकडे कोणी वळले असते का, याची मला शंका आहे. ‘कोण कोणावर काय लादत आहे’ हा प्रश्न त्या बैलगाडीच्या गोष्टीतूनच टेबलावर आला होता.

अण्णांकडे मी बुधवारी गेलो. सोमवारीच जायला हवे होते. ज्याची तक्रार आहे त्याला भेटण्याआधी शब्द ठरवून ठेवणे ही माझ्या धंद्यातली सवय आहे, आणि या प्रकरणात तिच्यामुळे दोन दिवस वाया गेले.

आणि एक चूक माझी स्वतःची, जी नव्या नोटिशीतही राहिली. चार्जिंगच्या दरासाठी मी एका ठिकाणी ‘चार्जिंग शुल्क’ लिहिले होते. ज्या वीजबिलाचा दाखला देऊन मी ‘शुल्क’ सगळीकडे घालायला विरोध केला, तेच बिल डिसेंबरमध्ये माझ्यावर उलटले. सोसायटीने चार्जिंगच्या मीटरचे बिल सभासदांत वाटून दिले तेव्हा त्यात महावितरणचे ‘विद्युत शुल्क’ आणि सोसायटीचे ‘चार्जिंग शुल्क’ एकाखाली एक आले, आणि एका सभासदाने एकच कर दोनदा लावल्याची लेखी तक्रार केली. सचिवांनी मला फोन करून फक्त तेवढ्या दोन ओळी वाचून दाखवल्या. जानेवारीच्या बिलापासून तिथे ‘चार्जिंग वापर आकार’ असे छापले जाते.